सातबाऱ्यावरचा 'भ्र.' अजून किती दिवस?

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतले सर्व सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, ग्राम महसूल अधिकारी आणि मंडळ अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी दोघांची पदनामं अलीकडेच बदलली. ग्रामसेवक आप्पा ग्रामपंचायत अधिकारी झाले आणि तलाठी आप्पा ग्राम महसूल अधिकारी. नवे शिक्के आले, दारावरच्या पाट्या पुन्हा रंगल्या. चांगलं झालं. पण त्याच दारातून आत जाऊन जुन्या खात्याचा उतारा काढला, की बाईचं नाव अजून असं निघतं: मंगलाबाई भ्र. दगडू. भ्र. म्हणजे भ्रतार. भ्रतार वारला, की जुन्या नोंदींत त्या जागी 'बेवा' येतं. पुरुषाच्या नावामागे बापाचं नाव लागतं आणि विषय संपतो. तो लग्नाचा, बिनलग्नाचा की विधुर, याची चौकशी सातबाऱ्याने कधी केलेली नाही.

आम्ही जमिनीचे आणि घराचे कागद भरायला बायकांना मदत करणारी मंडळी आहोत. बाईपणाच्या कल्पना बदलल्या, असं 8 मार्चच्या कार्यक्रमात तुम्हीही म्हणता, आम्हीही म्हणतो. ते खोटं नाही. पंचायतीत 1993 च्या घटनादुरुस्तीनंतर एक तृतीयांश जागा बायकांच्या झाल्या, महाराष्ट्रात 2011 पासून निम्म्या. पोरी स्कूटीवर तालुक्याला जातात, बचत गटाचं खातं स्वतः चालवतात, सुना ड्रेस घालून कापूस वेचायला उतरतात आणि त्याबद्दल आता कोणी नाक मुरडत नाही. मात्र बाईपणाची एक कल्पना जागची हललेली नाही: चांगली बहीण कोण? जी हिस्सा मागत नाही ती. आणि ही कल्पना टिकून राहते ती कोणाच्या भाषणामुळे नव्हे, तुमच्या टेबलावरच्या कागदांमुळे. म्हणून हे पत्र तुम्हाला.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की खान्देशात लेकी माहेरी येतात. झोके बांधले जातात, गौराई बसते. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राहणाऱ्या गड्याचं, वर्षही आखाजीलाच बदलतं, म्हणजे शेतीचे जुने हिशेब मिटवून नवे लावायची ही वेळ. सगळ्या बहिणी एका घरात सापडतात ती हीच वेळ, आणि हक्कसोडीच्या, म्हणजे जमिनीतला आपला हिस्सा सोडून देण्याच्या, सह्याही याच दिवसांत 'उरकून' घेतल्या जातात. बहीण म्हणते, "माले काहीच नको, माहेर तेवढं ऱ्हाऊ द्या." या वाक्यात माया आहे, हे कबूल. पण जमीन दिली तरच माहेर राहील, अशी धास्तीही त्यातच आहे. ज्या भावाला हिस्सा सोडला नाही म्हणून कोणी 'वाईट भाऊ' म्हणत नाही, त्याला हे वाक्य कधी म्हणावं लागत नाही.

आधी हिशेब मांडू, कारण गावात तो फार वेळा चुकीचा सांगितला जातो. समजा पाच एकर वडिलोपार्जित जमीन. बाप वारला, मागे आई, दोन मुलगे, एक मुलगी. हिंदू वारसा कायद्याने आधी मानीव वाटप धरायचं, म्हणजे बाप जाण्याआधीच वाटणी झाली असं मानायचं: बाप, आई, दोन मुलगे, मुलगी असे पाच समान हिस्से, प्रत्येकी एक एकर. मग बापाचा एक एकर उरलेल्या चौघांत समान, म्हणजे प्रत्येकी 10 गुंठे. बेरीज प्रत्येकी सव्वा एकर. जमीन वडिलांनी स्वतः खरेदी केलेली असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर थेट चार हिस्से, पुन्हा सव्वा एकरच. बापाची आई हयात असेल तर तीही वारस; तिला विसरू नका, म्हातारीचं नाव सर्वांत आधी गळतं. कानबाईच्या रोटांसाठी बऱ्याच घरांत माणशी सव्वा मूठ गहू मोजतात, आणि तिथे 'माणूस' म्हणजे फक्त पुरुष. देवीच्या सणाची ही मोजणी ज्याची त्याने ठरवावी. वारसाच्या फेरफाराला, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावबदलाच्या नोंदीला, मात्र ती लावता येत नाही.

दोन जुन्या समजुती आजही ऐकू येतात. पहिली, "तिचं लग्न 1994 च्या आधी झालं, तिला हक्क नाही." महाराष्ट्राच्या 1994 च्या दुरुस्तीत तशी अट होती खरी. पण 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राची दुरुस्ती लागू झाली आणि लग्नाची अट गेली. दुसरी, "वडील 2005 च्या आधी वारले, मग कसला हिस्सा?" सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं, की मुलीचा हक्क जन्माने आहे, 9 सप्टेंबर 2005 ला वडील हयात असण्याची गरज नाही. अपवाद आहे तो 20 डिसेंबर 2004 पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकुमाने झालेल्या वाटपांचा. तोंडी वाटप झालं होतं, असं नुसतं सांगून भागत नाही.

आता वारसनोंदीकडे या, कारण बाईचं नाव गळतं ते मुख्यतः इथेच.

जमीन महसूल संहितेच्या कलम 149 प्रमाणे मृत्यूनंतर तीन महिन्यांत वर्दी द्यायची. अर्जासोबत मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, उतारे. वारसांची नोंद गाव नमुना 6-क मध्ये, तिथून फेरफार नमुना 6 मध्ये, मग सर्व हितसंबंधितांना नमुना 9 ची नोटीस, हरकतीला 15 दिवस, हरकत आली तर नमुना 6-अ मध्ये तक्रार, आणि शेवटी मंडळ अधिकाऱ्याचं प्रमाणीकरण. कागदावर ही साखळी चोख आहे. तुटते ती तीन ठिकाणी.

एक, प्रतिज्ञापत्र करतो भाऊ, आणि वारसांची यादी तोच लिहितो. रेशनकार्डावर लग्न झालेल्या बहिणीचं नाव नसतं, ते तिच्या सासरच्या कार्डावर गेलेलं असतं. त्यामुळे रेशनकार्ड पुरावा म्हणून लावलं की यादी आपोआप 'खरी' दिसते. तपासायला सोपी जागा आहे: शाळेचा दाखला. मुलगी गावच्या जिल्हा परिषद शाळेत शिकली असेल, तर जनरल रजिस्टरला तिचं नाव बापाच्या नावासकट आहेच. पोलीस पाटलाला आणि दोन शेजाऱ्यांना "एकूण लेकरं किती?" हा एक प्रश्न विचारला, तरी पुष्कळ नावं सापडतात. प्रश्न "वारस किती?" असा विचारू नका, उत्तर भावांचं येतं.

दोन, नोटीस. बहीण सासरी, पत्ता माहेरचा. नोटीस भाऊ घेतो, 15 दिवस सरतात, हरकत नाही म्हणून नोंद प्रमाणित होते. इलाज एका ओळीचा आहे: अर्जात प्रत्येक वारसाचा आजचा राहता पत्ता आणि त्याचा स्वतःचा मोबाईल नंबर मागा, आणि एकच नंबर चौघांपुढे लिहिला असेल तर अर्ज परत करा.

तीन, आधीच वारलेल्या मुलाची बायको. सासऱ्याच्या आधी नवरा गेला असेल, तर ती आणि तिची मुलं सासऱ्याच्या वारसांत पहिल्या वर्गात येतात. प्रत्यक्षात मुलांची नावं लागतात, पुढे अज्ञान मुलांचा पालनकर्ता म्हणून चुलता लागतो, आणि आई यादीतच नसते. पालनकर्ता म्हणून आईचं नाव आधी घ्या. आणि गावात हमखास निघणारा मुद्दा: "उद्या तिने दुसरं लग्न केलं तर?" नवऱ्याच्या मागे तिला एकदा मिळालेला हिस्सा दुसऱ्या लग्नाने जात नाही. तो तिचा आहे.

2025 च्या 1 एप्रिलपासून 'जिवंत सातबारा' मोहीम राबवली गेली, मयतांची नावं काढून वारसांची नावं लावली गेली. काम मोलाचं. पण मोहिमेला मुदत असते, आणि मुदतीच्या घाईत जो वारस समोर उभा आहे त्याचं नाव लागतं. त्या काळातल्या नोंदी एकदा शाळेच्या रजिस्टरशी ताडून बघा, अशी आमची विनंती आहे. नाव सुटलं असेल तर प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) कलम 247 खाली अपील, मुदत 60 दिवस. उशीर झाला असेल तर तो माफ करण्याचा वेगळा अर्ज सोबत. लिहिण्यातली चूक असेल तर कलम 155 खाली तहसीलदार दुरुस्त करतात. आणि बहिणीला हेही सांगा, की फेरफारात नाव नाही म्हणून हक्क बुडत नाही. फेरफार महसुलासाठी असतो. हक्क ठरवतं दिवाणी न्यायालय.

हक्कसोड पत्राबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण खरी फसगत तिथे आहे. तलाठ्यासमोर दिलेला जबाब, स्टॅम्पपेपरवर नोटरीसमोर केलेली सही, घरगुती लेख, यांपैकी कशानेही जमिनीवरचा हक्क सुटत नाही. हक्कसोड दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं आणि ते सहहिस्सेदाराच्याच लाभात होतं. एकदा नोंदलं, की मन बदललं म्हणून परत घेता येत नाही. फसवणूक सिद्ध करायला कोर्टात जावं लागतं आणि वर्षं जातात. तरीही नोंदणी नसलेल्या कागदावरून फेरफार धरले जातात, आणि पुढे दहा वर्षांनी भाचे कोर्टात उभे राहिले की सगळे म्हणतात, बहीण लोभी निघाली.

आम्ही हक्कसोडीच्या विरोधात नाही. काही बहिणी विचार करून, राजीखुशीने सोडतात, आणि तो त्यांचा अधिकार आहे. आमचं मागणं क्रमाचं आहे. आधी सगळ्या वारसांची नोंद होऊ द्या, बहिणीच्या हातात तिच्या नावाचा उतारा पडू द्या. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत निघतो. मग तिला सोडायचं असेल तर सोडेल, स्वतः, काय सोडतेय ते बघून. आज वारसनोंद आणि हक्कसोड एकाच बैठकीत होतात, म्हणजे ती जमिनीची मालकीण झाली हे तिला कळतं तेव्हा ती मालकीण उरलेली नसते.

भावाची अडचणही खरी आहे, ती लपवून चालणार नाही. सामाईक खात्यावर विकास सोसायटीचं किंवा बँकेचं पीककर्ज घ्यायचं तर सगळ्या खातेदारांच्या सह्या मागतात. एक बहीण पुण्याला, एक सुरतेला. पेरणीच्या तोंडावर सह्या कुठून आणायच्या? म्हणून तो हक्कसोडीच्या मागे लागतो. पण सहीची अडचण सहीने सोडवावी, मालकीने नव्हे. बहीण आखाजीला घरी आहेच, त्या आठवड्यात त्या हंगामापुरतं संमतीपत्र देऊन जाईल. वाटा वेगळा हवा असेल तर कलम 85 खाली तहसीलदाराकडे वाटपाचा अर्ज करता येतो. बहिणीचा सव्वा एकर भावाने मक्त्याने किंवा बटाईने करावा आणि ते लिहून ठेवावं, हाही मार्ग आहे. आणि "तुकडे पडतील" हे कारण कोणी सांगितलं तर शांतपणे सांगा, की नाव लागल्याने बांध पडत नाही. चार नावं एका खात्यावर राहू शकतात, केळीची बाग आहे तशी एकसंध उभी राहते.

"हुंड्यात दिलं की तिला" हे दुसरं कारण. हुंडा 1961 पासून गुन्हा आहे. गुन्ह्याची वजावट वारसाहक्कातून कशी करणार? शिवाय तो गेला सासऱ्याच्या घरात. तिच्या नावावर त्यातलं काय आहे, ते विचारून बघा. 2011 च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 842 मुली होत्या. मुलगी म्हणजे एकदा हुंड्याचा खर्च आणि पुन्हा जमिनीत वाटेकरी, असा जोड हिशेब घराघरांत बसला, की आकडे असे निघतात.

पुढचा गोंधळ नावाचा. लग्नात तांदळाच्या ताटात नवं नाव लिहायची पद्धत आपल्याकडे अजून आहे. हौस म्हणून ठीक. पण मग शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, माहेरच्या सातबाऱ्यावर तिसरं. 'मंगल', 'मंगला' आणि 'मंगलाबाई' या संगणकाला तीन बायका वाटतात. शेतकरी ओळख क्रमांक काढताना आधार आणि सातबाऱ्याचं नाव जुळवतात. जुळलं नाही की अर्ज अडकतो, आणि पुढे पीकविमा, अनुदान, सगळंच अडकतं. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कोणताही कायदा नाही, हे विवाह नोंदणी करताना निबंधक म्हणून ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी नवरीला आवर्जून सांगावं. पद्धतशीर नोंदणी लग्नानंतर 90 दिवसांत नमुना 'ड' भरून होते, तीन साक्षीदार लागतात. त्या पाच मिनिटांत एक वाक्य सांगून होतं. ज्यांची नावं आधीच तीन झाली आहेत त्यांच्यासाठी विवाहाचा दाखला, एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि लागल्यास राजपत्र, एवढ्यावर सातबाऱ्यावरचं नाव दुरुस्त करा. आधारवर नाव दोनदाच बदलता येतं, म्हणून घाईने आधार बदलायला पाठवू नका; आधी कोणतं नाव कायम ठेवायचं ते तिला ठरवू द्या. आणि दुरुस्ती करतच आहात तर तो 'भ्र.' काढून टाका.

'कोणाची?' हा प्रश्न नव्या योजनांतही शिरतो. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी 2025 मध्ये सुरू झाली तेव्हा नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार मागितला गेला, आणि नवरा वारलेल्या, नवऱ्याने टाकलेल्या बायका अडून बसल्या. त्याच सरकारने 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव बापाच्या आधी लावायचा नियम केला आहे. दोन्ही गोष्टी एकाच काळातल्या. जन्मनोंद तुमच्याकडेच होते, तेव्हा तो नियम निदान तुमच्या गावात विसरला जाऊ नये.

नवरा हयात असताना बायकोचं नाव लावायचं असेल तर 1992 ची लक्ष्मी मुक्ती योजना आहे. नवऱ्याने आपल्या हिश्श्याच्या जमिनीत पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याचा अर्ज तलाठ्याकडे द्यायचा. खरेदीखत लागत नाही. तीस वर्षांहून जुनी ही सोय नव्या कर्मचाऱ्यांना कित्येकदा माहीतच नसते आणि नवऱ्याला बक्षीसपत्र करायला पाठवतात. घरासाठी 2003 चा 'घर दोघांचे' निर्णय आहे: ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये दोघांची नावं. अर्ज, मासिक सभेत ठराव, नोंद. नमुना 8 हे कर आकारणीचं रजिस्टर आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, हे खरं. पण गावठाणाच्या ड्रोन मोजणीनंतर स्वामित्व योजनेची सनद, म्हणजे घराच्या मालकीचा कागद, करताना पहिला आधार तोच धरतात. आज नमुना 8 वर नसलेली बाई उद्या सनदेवरही नसेल.

नंदुरबारच्या मंडळींना वेगळं लिहायला हवं. वर मांडलेला हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना थेट लागू होत नाही. त्याच्या कलम 2 मध्येच तसं आहे. तेव्हा धडगाव, अक्कलकुव्यातल्या भिल्ल, पावरा बाईला जळगावचा हिशेब सांगून दिशाभूल करू नका. मात्र सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये आदिवासी बाईच्या वारसांच्या बाजूने निकाल दिला, आणि बाईला वगळणारी रूढी आहे असं म्हणणाऱ्याने ती सिद्ध करावी, नुसती गृहीत धरू नये, असं बजावलं. वनहक्काच्या पट्ट्यात तर प्रश्नच नाही: 2006 च्या कायद्याचं कलम 4(4) सांगतं, की पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे. पट्ट्यावर दोन नावं आणि त्यावरून झालेल्या सातबाऱ्यावर एकच, असं असेल तर ती दुरुस्ती तुमच्या पातळीवरची आहे.

सरपंचांना शेवटी पैशांचं. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नाचे 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्चायचे असतात. सहा लाख उत्पन्न असेल तर साठ हजार. ते रांगोळी स्पर्धा, पैठणीचे खेळ आणि वाटायच्या साड्यांत जातात. खेळ बंद करा असं आम्ही म्हणत नाही, बायकांना तेवढीच एक संध्याकाळ मोकळी मिळते. पण साठ हजारांतले वीस हजार काढून वर्षात चार कागद-शिबिरं होतील: मंडळ अधिकारी, ग्राम महसूल अधिकारी, एक वकील, एक संगणकवाला, सकाळी 11 ते 4. तारीख कापूस वेचणीच्या दिवसांत ठेवू नका. ऑक्टोबर ते डिसेंबर कोणी फिरकणार नाही, वेचणीचा रोज कोण बुडवेल? आखाजीचा आठवडा उत्तम. वेचणीच्या दिवसांत घ्यायचंच तर फक्त दिवाळी-भाऊबीजेला, तेव्हा लेकी माहेरी असतात. ग्रामसभेआधी महिला सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. तिथे वहीवर सह्या फिरवण्याऐवजी त्या वर्षातल्या वारसनोंदींची यादी मोठ्याने वाचा. नाव गळालेलं असेल तर बायकाच सांगतील, "त्याले तर तीन बहिणी शेतस (आहेत)."

आणि सरपंच बाई असतील तर यादी त्यांनीच वाचावी. त्यांच्या यजमानांनी तेवढा वेळ बाहेर पारावर बसावं.

येत्या आखाजीआधी आपल्या मंडळातले गेल्या वर्षभरातले वारस फेरफार आणि शाळांची जनरल रजिस्टरं समोरासमोर ठेवून एकदा तपासावीत, सुटलेली नावं ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावीत, आणि त्या बहिणींना सासरच्या पत्त्यावर पत्र धाडावं, ही विनंती.

आपले,
कागद भरायला मदत करणारी खान्देशातली मंडळी